२७४० कोटी भागिले काय? (पाणीयोजनेचा हिशोब)

त्रैराशिक

मागच्या रविवारी टपरीवर मित्राशी वाद झाला. तो म्हणे, संभाजीनगरची नवी पाणीयोजना भयंकर महाग आहे. मी म्हणालो, मुळीच नाही. गंमत अशी की आकडा दोघांकडे एकच होता, २७४० कोटी. फक्त तो एका गोष्टीने भागत होता आणि मी दुसऱ्या. घरी येऊन वही काढली. तेच इथे मांडतो, चुका काढा.

थोडी पार्श्वभूमी. शहराला पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणातून. जुन्या वाहिन्या दोन: ७०० मिमीची सत्तरच्या दशकातली आणि १४०० मिमीची नव्वदच्या सुरुवातीची. शहर वाढत गेलं, पाइप तेवढेच राहिले. धरण काठोकाठ आणि गल्लीत पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी, हे वर्षानुवर्षं चाललेलं. मग ७९२ कोटींची 'समांतर' जलवाहिनी योजना आली. खासगी कंपनीशी २०११ मध्ये करार झाला, २०१६ मध्ये तो रद्द. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं: २५०० मिमीची सुमारे ३९ किलोमीटर वाहिनी, नक्षत्रवाडीला ३९२ एमएलडीचं (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर) शुद्धीकरण केंद्र, नवे जलकुंभ, शहरभर नवं जाळं. पुढे सुधारित मान्यता २७४० कोटींना.

पहिला भागाकार, पेपरवाला: २७४० ÷ ३९२ = एका एमएलडीला ७ कोटी. हा आकडा दोन योजनांची तुलना करताना सर्रास फेकला जातो आणि माझ्या मते सर्वांत निरुपयोगी आहे. पैठणहून पाणी उचलणारं शहर आणि धरणाच्या पायथ्याशी बसलेलं शहर एका तागडीत कसं घालणार?

दुसरा: गृहकर्जासारखा हप्ता काढला. ३० वर्षं, ८ टक्के. वर्षाला साधारण २४३ कोटी. ३९२ एमएलडी वर्षभर पूर्ण चाललं तर १४.३ कोटी किलोलिटर. म्हणजे हजार लिटरला १७ रुपये, वीज-पगार-तुरटी सोडून. ठीक वाटतं ना?

तिसरा: शंभर लिटर निघाले आणि नळाला साठच पोचले, तर १७ चे २८ होतात. सुरुवातीची काही वर्षं केंद्र निम्म्याच क्षमतेने चाललं तर ५५ च्या वर. योजना तीच, पैसे तेच. रुपये बदललेच नाहीत, फक्त खालचा आकडा बदलला.

मित्र तिसरा भागाकार करत होता, मी दुसरा. तर प्रश्न असा, की भाजक कोणता धरायचा?

खडूस_काका

प्रत्येक गोष्टीत रुपये-आणे-पै आणलेच पाहिजेत का? पाणी हक्क आहे. उद्या स्मशानाचाही 'दर मयती खर्च' काढाल.

त्रैराशिक

काका, हक्क मान्य. पण १६८० चे २७४० झाले, मधल्या १०६० कोटींत किती गल्ल्यांत नळ गेला असता हे विचारू की नको?

(आणि स्मशानाचा तसा हिशोब निघतो. सरण विरुद्ध विद्युतदाहिनी. वेगळा धागा काढा, येतो.)

सदाशिव_लिमिटेड

८ टक्के कुठून आणले? सोयीचा आकडा घेतला की काय? शिवाय यातला मोठा वाटा केंद्र-राज्याचं अनुदान आहे. त्यावर कसलं आलंय व्याज?

त्रैराशिक

८ हे पुण्यावरूनच घेतलं. तुमच्या महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ते ७.५९ टक्क्यांनी. तेव्हा ८ फार चुकीचं नाही. अनुदानाबद्दल: महापालिकेच्या वहीत ते फुकट दिसतं, पण पैसा तुमच्या-माझ्या खिशातूनच गेलाय. योजना परवडली का हे विचारताना कुणी भरलं ते बाजूला ठेवायचं, एकूण किती लागलं ते बघायचं. पाणीपट्टी किती लावायची हा वेगळा प्रश्न, तिथे अनुदान वजा करा.

सदाशिव_लिमिटेड

बरं. पुण्याचं उदाहरण दिलंत म्हणून माफ.

जॅकवेल

३४ वर्षं पाणीपुरवठ्यात काढून निवृत्त झालो. सहसा इथे वाचतो फक्त, पण भाजकाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आधी वीज, कारण ती दर महिन्याला लागते. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला कागदावर ०.२७ युनिट लागतं. पंप-मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली (चांगल्या स्थितीत!) तर ०.३९. युनिटला ८ रुपये धरा, म्हणजे दर शंभर मीटरला तीन रुपये. जायकवाडीची पूर्ण भरल्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर. शहर आहे ५६८ मीटरच्या आसपास. नुसत्या उंचीचेच शंभर मीटर झाले, पाइपातल्या घर्षणाचे वर. म्हणून तिथे गल्लीत फुटलेला पाइप म्हणजे नुसतं पाणी वाया जाणं नव्हे, शंभर मीटर चढवलेली वीज गटारात जाते. तीस टक्के गळती दोन शहरांत सारखी दिसते, रुपयांत सारखी नसते.

आता त्रैराशिक यांचे 'शंभर निघाले, साठ पोचले'. हे शंभर कुणी मोजले?

एका गावात (नाव घेत नाही, आता तिथलं कुणी सेवेत नाही) माझी बदली झाली. रजिस्टरप्रमाणे रोजचा उपसा १८ एमएलडी. गावात नळांना मीटर होते, बिलं जायची १० एमएलडीची. म्हणजे ४४ टक्के गळती. तीन वर्षं गळती शोधायचं काम चाललेलं, अख्खं गाव खणून काढलेलं, लोक शिव्या घालतायत. मी विचारलं, १८ कशावरून? तर मुख्य वाहिनीवरचा मीटर केव्हाच बंद पडलेला. पंप किती तास चालला ते ऑपरेटर लिहायचा आणि कारकून त्याला नेमप्लेटवरच्या क्षमतेने गुणायचा. पंप बारा वर्षांचे, इंपेलर (आतलं पाणी ढकलणारं चाक) झिजलेले. बाहेरून अल्ट्रासॉनिक मीटर मागवून पाइपाला लावला. आकडा आला साडेबारा.

साडेपाच एमएलडी कधी नदीतून उचललंच नव्हतं. गळती होती २० टक्के. खरा खड्डा पंपात होता, आम्ही खणत होतो रस्त्यात. विजेचं बिल १८ ने भागलं जायचं म्हणून पंप बरे दिसायचे. साडेबाराने भागल्यावर दर किलोलिटरची वीज ४४ टक्क्यांनी वाढली. पंप बदलायचा प्रस्ताव त्या एका भागाकारावर मंजूर झाला. त्याआधी दोनदा फेटाळला गेला होता.

म्हणून माझं म्हणणं: मोठ्या वाहिनीवर चालू मीटर नसेल तर वरचे तिन्ही भागाकार म्हणजे करमणूक.

तिरकस_तोटी

वाखु (वाचनखूण) साठवली. "खरा खड्डा पंपात होता" हे फ्रेम करून लावण्यासारखं.

संपावरची_राणी

(संप म्हणजे जमिनीतला हौद, कुणी कामगार दिन आठवू नका.)

तुम्ही सगळे महापालिकेच्या वहीतला खर्च मोजताय. माझ्या वहीतला कुणी मोजायचा? आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही पहाटे. शहर सांगत नाही, मराठवाड्यातलं नाही एवढंच. गेल्या वर्षी नवऱ्याशी पैज लावून सगळं लिहून काढलं. हौद, गच्चीवरची टाकी, मोटर आणि फिल्टर मिळून ६५ हजार. दहा वर्षं टिकतील असं धरलं तर वर्षाला साडेसहा हजार. फिल्टरचं दरवर्षीचं सामान तीन हजार. उन्हाळ्यात चार टँकर, मिळून ३६००. मोटरचं बिल मोजायचं सोडून दिलं. झाले तेरा हजार. पाणीपट्टी? अठराशे.

आणि पहाटे साडेचारला उठून मोटर लावते ती कोण? तो वेळ कुठल्या डीपीआरमध्ये (प्रकल्प अहवालात) असतो?

म्हणून पाणीपट्टी वाढवू म्हटलं की मोर्चा निघतो याचं मला हसू येतं. मोर्चातला प्रत्येक जण घरी तेरा हजार भरतोय, फक्त ते वेगवेगळ्या दुकानदारांना.

पेढा_धारवाडी

राणीताई, तुमचं म्हणणं आमच्याकडे मोजलं गेलंय. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्याच्या काही भागांत जागतिक बँकेच्या मदतीने चोवीस तास पाणी सुरू झालं, २००८ च्या सुमारास. हुबळी-धारवाडच्याच बाकीच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी, धरण एकच, मलप्रभा. म्हणजे तुलनेला आयतीच सोय. बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं. सोडून-सोडून येणाऱ्या पाण्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या नमुन्यांत विष्ठेतले जिवाणू, सलग पाण्यात जवळपास नाहीतच. कारण साधं आहे. पाइप रिकामा झाला की शेजारच्या गटाराचं पाणी सांध्यातून आत ओढलं जातं.

पण पुढचा भाग कमी लोक सांगतात. लहान मुलांच्या एकूण जुलाबांत त्यांना खात्रीने म्हणावा असा फरक सापडला नाही. गरीब घरांत रक्ती जुलाब मात्र कमी दिसले. तेव्हा 'चोवीस तास पाणी = आजार गायब' असं म्हणून कुणी फायद्याच्या रकान्यात मोठी रक्कम लिहीत असेल तर थांबवा. फायदा आहे, पण तो बराचसा राणीताईंच्या पहाटेत आहे.

प्रीतिसंगम

कराडचा आहे, शेजारच्या मलकापूरबद्दल लिहिलंच पाहिजे. तीसेक हजार वस्तीचं गाव, कोयनेचं पाणी, २००९ च्या सुमारास चोवीस तास सुरू. योजना जीवन प्राधिकरणाची. तेव्हा सगळे म्हणत होते, नळ दिवसभर सोडला तर लोक गुरं धुतील, अंगणात तळं होईल. झालं उलट. प्रत्येक जोडणीला मीटर, आणि दर टप्प्याटप्प्याने चढणारे: थोडं वापरा स्वस्त, जास्त वापरा तर वरच्या पाण्याला जास्त दर. शिवाय उद्या पाणी येणारच ही खात्री झाल्यावर कालचं शिळं म्हणून कुणी ओतून देत नाही. वापर कमी झाला, पंपाचे तास आणि विजेचं बिल कमी झालं.

पाणी रोज येतं म्हणून कमी लागतं, हे आमच्या आजीला शेवटपर्यंत पटलं नाही. ती रोज सकाळी दोन कळशा भरून ठेवायची.

खडूस_काका

मलकापूर छोटं. मुंबईत करून दाखवा.

पाइपलाइन_रोड

मुंबईचं मी सांगतो. विहार १८६० चं. तेव्हापासून आमचं एकच धोरण: पाणी कमी पडलं की आणखी लांबचं धरण. तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि शेवटचं मध्य वैतरणा, २०१४, त्यातून ४५५ एमएलडी. आज शहराला रोज चार हजारांच्या जरा अलीकडे एमएलडी येतं. गळती आणि चोरी मिळून पाव हिस्सा जातो असं पालिकेकडूनच वर्षानुवर्षं ऐकतोय. म्हणजे दोन मध्य वैतरणा रोज जमिनीत!

आणि उपाय काय काढलाय? मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं, पहिला टप्पा २०० एमएलडी. खाऱ्या पाण्याला किलोलिटरमागे ३ ते ४ युनिट वीज लागते. जॅकवेल यांच्या ८ रुपयांनी नुसती वीजच २४ ते ३२ रुपये. घरगुती पाण्याचा दर आहे सहा रुपयांच्या आसपास. गळती आधी थांबवा ना राव!

जॅकवेल

पाइपलाइन_रोड, भावना पोचल्या, पण इतकं सरळ नाही. दोन अडचणी.

एक, गळतीचा पहिला दहावा हिस्सा थांबवणं स्वस्त असतं: मोठ्या वाहिनीवरचे गळके व्हॉल्व्ह, जलकुंभ भरून वाहणं. नंतर प्रत्येक एमएलडी महाग होत जातो. शेवटी घराघराच्या जोडण्यांपर्यंत जावं लागतं आणि तिथे रस्ता खणायचा खर्च पाइपापेक्षा जास्त. मुंबईत वर ट्रॅफिक, खाली शंभर वर्षांचं जाळं, अशा ठिकाणी तर विचारूच नका. थांबवलेल्या पुढच्या लिटरचा खर्च नव्या लिटरच्या खर्चाएवढा झाला की तिथे थांबायचं. शून्य गळती हे ध्येय परवडणारं नाही.

दोन, मुंबईचं बरंचसं पाणी उतारानेच येतं, भातसाचं मात्र पिसेला पंप करावं लागतं. त्यामुळे आजवर गळलेला लिटर त्यांना फार टोचला नाही. धरण बांधून झालेलं, पाणी आपोआप वाहतंय. पण आता पुढचा लिटर मनोरीचा असेल, तर वाचवलेल्या लिटरची किंमतसुद्धा मनोरीच्या दराने धरली पाहिजे! सहा रुपयांचं पाणी वाचवायला दहा रुपये खर्च करणं मूर्खपणा वाटतो. तीस रुपयांचं वाचवायला तोच खर्च शहाणपणाचा. ही तुलना एकाच फाइलवर एका पानात मांडायला हवी, पण ती दोन वेगळ्या खात्यांच्या दोन फाइलींत राहते. मला वाटतं खरा गोंधळ तिथे आहे. म्हणजे तुमचा निष्कर्ष बरोबर, रस्ता चुकला.

पाइपलाइन_रोड

गुरुजी, मान्य. 👏

मेकाँगकाठ

कामानिमित्त कंबोडियात काही वर्षं होतो म्हणून. नोम पेन्हमध्ये १९९३ साली ७२ टक्के पाणी बिनहिशोबी जायचं. पंधरा-सोळा वर्षांत ते ६ टक्क्यांच्या आसपास आणलं. तिथल्या पाणीपुरवठ्याचे तेव्हाचे प्रमुख 'एक सोन चान' ('एक' हा नावाचाच भाग), त्यांना २००६ चा मॅगसेसे मिळाला. नव्या पाइपांना परदेशी मदत होतीच, पण लोक गोष्ट सांगतात ती मीटरची: बडी माणसं आणि सरकारी कार्यालयं बिल भरत नव्हती, त्यांच्यापासून सुरुवात. ७२ टक्क्यांतला मोठा भाग जमिनीत जात नव्हताच, वहीत जात होता.

जॅकवेल

नेमकं. गळती आणि बिनबिलाचं पाणी यांत फरक करा. जमिनीत गेलेला लिटर थांबवला तर पाणी वाचतं. बिनबिलाचा लिटर पकडला तर पैसा येतो, पाणी तेवढंच लागतं. पहिल्याने धरण पुढे ढकलता येतं, दुसऱ्याने नाही. आपल्याकडे दोन्हींना 'गळती' म्हणतात आणि मग दहा वर्षांनी विचारतात, गळती कमी झाली तरी पाणी का वाढलं नाही.

त्रैराशिक

इथपर्यंत आल्यावर माझी वही बदलावी लागतेय. केंद्राने २००८ मध्ये शहरांसाठी मापदंड ठरवले: माणशी १३५ लिटर, चोवीस तास, बिनमहसुली पाणी (गळती आणि बिनबिलाचं मिळून) २० टक्क्यांच्या आत, देखभालखर्चाची १०० टक्के वसुली. मी यांनाच पट्टी मानत होतो. आता १३५ वर शंका आहे. एकूण पाणी भागिले लोकसंख्या केलं की १३५ येईलही. त्यात एका वस्तीत २५० आणि दुसरीत ४० लपू शकतात.

वसुलीचंही तसंच. संभाजीनगरात वर्षाची पाणीपट्टी ४०५० रुपये होती, २०२२ मध्ये निम्मी करून २०२५ रुपये केली. पाणी रोज ५०० लिटर मिळालं असतं तर २०२५ रुपये म्हणजे हजार लिटरला ११ रुपये. पाचव्या दिवशी दीड हजार लिटर मिळत असेल तर वर्षाला ११० किलोलिटर, दर १८ रुपये. जुन्या पट्टीने ३७. पाणी कमी दिलं की दर आपोआप वाढतो, ठराव लागत नाही.

खडूस_काका

आता आलात माझ्या अंगणात. म्हणूनच म्हणतो, भाजक किलोलिटर नकोच. भाजक माणूस घ्या. किती घरांत पाणी येत नव्हतं आणि आता येतं? २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेला सांगितलं ना, २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्यायचं धोरण आणा म्हणून? तिथली बाई कॅनने पाणी विकत घेते, हजार लिटरचा हिशोब काढा तिचा. तिला नळ दिला तर तुमच्या वहीत खर्च वाढलेला दिसेल आणि वसुली कमी. तिच्या वहीत काय दिसेल?

संपावरची_राणी

काका, चक्क +१. तारीख लिहून ठेवते.

जॅकवेल

काका, मुद्दा बिनतोड आहे. फक्त 'नळजोडणी दिली' हे मोजू नका. जोडण्या देऊन कोरडे राहिलेले नळ मी शेकड्याने पाहिलेत, आणि अहवालात ते 'लाभार्थी' होते. नळाला किती तास आणि किती दाबाने पाणी, हे वस्तीवार मोजा. टेकडीवरच्या शेवटच्या घराला दाब मिळतोय का बघा. दाबमापक काही शेकड्यांत मिळतो, तोटीला लावायचा आणि फोटो काढायचा. त्यासाठी सल्लागार लागत नाही.

त्रैराशिक

ठरलं. टपरीवरच्या मित्राला आज सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझा भाजक तू कुठून आणणार? उत्तर नव्हतं, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय. गेल्या तीन वर्षांचा रोजचा उपसा, जलकुंभनिहाय पुरवठा आणि विजेची बिलं. जॅकवेल साहेब, मसुद्यावर नजर टाकाल का?

जॅकवेल

नुसता 'उपसा' मागाल तर पंपाचे तास गुणिले नेमप्लेट मिळेल. असं लिहा: मुख्य वाहिनीवरच्या प्रवाहमापकाची दैनंदिन नोंदवही, मापक कधी बसवला, शेवटचं कॅलिब्रेशन (मापक बरोबर दाखवतो का याची तपासणी) कधी झालं, आणि किती दिवस बंद होता. विजेची बिलं पंपगृहनिहाय मागा, एकत्र घेऊ नका. आणि प्रती महाग पडतील, आधी नोंदवही बघायला परवानगी मागा.

त्रैराशिक

तसाच लिहिला. आज पोस्टात टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मुदत ३० दिवस. उत्तर आलं की याच धाग्यावर टाकतो.

खडूस_काका

दहा रुपये भागिले काय?